डोळा गळतोय, पण आधी दात बघा

प्रश्न साताऱ्याजवळच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: "आमचा ससा चिकू तीन वर्षांचा. दोन आठवड्यांपासून उजव्या डोळ्यातून पाणी येतं, सकाळी कोपऱ्यात पांढरी चिकट घाण साचलेली असते. मेडिकलमधून माणसांचे ड्रॉप आणून घातले, चार दिवसांत छान झालं, बंद केल्यावर आठवड्यात पुन्हा तेच. इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी इन्फेक्शन आहे म्हणून दुसरे ड्रॉप दिले, त्यानंतरही तेच. सासूबाई गुलाबजल घाला म्हणतात. खाणं व्यवस्थित आहे, गाजर आणि पोळी आवडीने खातो. गवत टाकतो पण ते पडून राहतं. घरात पाच वर्षांची मुलगी आहे, तिला डोळे येतील का? आणि आता कोणते ड्रॉप घालू?"

ताई, तुम्ही ड्रॉपचं नाव विचारलंय, पण तुमच्या मजकुरातली दोन वाक्यं मला जास्त महत्त्वाची वाटली. ड्रॉप घातले की बरं होतं, थांबवले की परत येतं, हे एक. आणि गवत पडून राहतं, हे दुसरं. तुम्ही ती दोन वेगळ्या ठिकाणी लिहिलीत. मला ती एकाच दुखण्याची दोन टोकं वाटतात. म्हणून "कोणतं औषध" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू आणि "परत का येतं" हे आधी बघू.

एक गोष्ट आधीच सांगते. चिकूला मी हात लावलेला नाही. एक डोळा की दोन्ही, पाणी पातळ की दाट, डोळा पूर्ण उघडतो की मिटलेला, यावरून आमचे निम्मे निर्णय ठरतात आणि ते फोटोवरूनही नीट कळत नाही. तुमच्याकडे सशाचे दात बघायची साधनं असलेला डॉक्टर किती लांब आहे, यावरही बरंच अवलंबून आहे. तेव्हा पुढचं वाचून निदान झालं असं समजू नका. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि तोवर घरी काय करायचं, एवढ्यासाठी हे आहे.

आता सशाचा डोळा. आपल्या डोळ्यात आतल्या कोपऱ्याला वरच्या आणि खालच्या पापणीवर एकेक बारीक छिद्र असतं. अश्रू त्यातून नाकात उतरतात, म्हणून रडलं की नाक गळतं. सशाला हे छिद्र प्रत्येक डोळ्याला एकच, खालच्या पापणीच्या आतल्या बाजूला. म्हणजे न्हाणीघराला मोरी एकच. तिथून निघालेली नळी सरळ नाकात जात नाही. वरच्या दाढांच्या मुळांना लागून पुढे येते, वाटेत वळते, वळणावर अरुंद होते, मग पुढच्या दाताच्या मुळाला चिकटून जाते आणि शेवटी नाकपुडीत उघडते. आणि सशाचे दात जन्मभर वाढत असतात, सगळेच्या सगळे, अठ्ठावीसही. पुढचे तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. रोज तासन्‌तास चरबट गवत दळलं तरच ते झिजतात. गाजर आणि पोळी दळावी लागत नाही, दोन-चार चावे मारले की संपली.

दाढ झिजली नाही की समोरच्या दाढेवर टेकते. वर जायला जागा उरली नाही की दाब उलटा मुळाकडे जातो आणि मूळ हाडात मागे सरकायला लागतं. ते मूळ नळीच्या भिंतीवर रेलतं. नळी आधी चेपते, मग तुंबते, आणि तुंबलेल्या पाण्यात जंतू वाढतात. डोळ्याच्या कोपऱ्यात जी पांढरी, दुधाळ घाण दिसते ती बहुतेक वेळा डोळ्यात तयार झालेली नसते, नळीतून उलटी वर आलेली असते. ड्रॉपने वरचे जंतू मरतात, चार दिवस स्वच्छ वाटतं. पण मोरी तुंबलेली ती तुंबलेलीच.

हे मी पुस्तकातून शिकले, पण पटलं चूक करून. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक करडा ससा माझ्याकडे येत असे, डावा डोळा गळायचा. दोन महिन्यांत मी त्याला तीन वेळा ड्रॉप बदलून दिले. दर वेळी मालक खूश होऊन गेले, दर वेळी परत आले. चौथ्या वेळी त्याला टेबलावर धरताना माझी बोटं सहज खालच्या जबड्याच्या कडेवरून फिरली आणि हरभऱ्याएवढे दोन उंचवटे लागले. ते दाढांच्या मुळांचे होते. वरच्या मुळांची अवस्था एक्स-रेत दिसली. पहिल्याच दिवशी बोट फिरवलं असतं तर त्या सशाचे दोन महिने वाचले असते. तेव्हापासून डोळ्याची तक्रार घेऊन आलेल्या सशाचा जबडा मी डोळ्याच्या आधी चाचपते.

तुम्हीही हे करून बघू शकता. चिकूला मांडीवर घ्या आणि हनुवटीच्या मागून कानाकडे जाणाऱ्या जबड्याच्या खालच्या कडेवरून बोट हलकेच फिरवा, दोन्ही बाजूंनी. कड गुळगुळीत लागायला हवी. मग वरचा ओठ बाजूला सारून पुढचे दात बघा: वरचे खालच्यांच्या किंचित पुढे, सरळ, एकसारखे. हनुवटी ओली राहते का, खाताना घास तोंडातून पडतो का, लेंड्या पूर्वीपेक्षा बारीक झाल्यात का, हेही बघा. दाढा मात्र घरी दिसणार नाहीत. सशाचं तोंड अरुंद असतं, त्यासाठी डॉक्टरांकडे कानात बघायचं नळकांडं किंवा छोटा कॅमेरा लागतो, आणि नीट बघायचं तर भूल. "खाणं व्यवस्थित आहे" असं तुम्ही लिहिलंय, पण मऊ खातो आणि गवत टाळतो याला सशाच्या बाबतीत व्यवस्थित म्हणत नाहीत. आमच्या दृष्टीने ती दातदुखीची तक्रारच आहे, फक्त बोलता येत नाही म्हणून त्याने अशी सांगितली.

दात सोडून दुसरं काही असू शकतं का? असू शकतं. आपल्याकडे तर एक कारण मोसमाप्रमाणे येतं. दिवाळीनंतर डोंगरउतारावरचं गवत पिवळं पडतं, लोक ते कापून आणतात, आणि त्यात कुसळी असते. तिची कुसळं तुम्ही पायजम्याला, मोज्यांना चिकटलेली काढली असतील. एका टोकाला सुईसारखी अणी, त्यावर उलटे केस, त्यामुळे ती पुढेच सरकते, मागे येत नाही. असं एक कुसळ सशाच्या तिसऱ्या पापणीमागे, म्हणजे आतल्या कोपऱ्यातून आडव्या येणाऱ्या त्या पांढरट पडद्याच्या मागे, जाऊन बसलं की डोळा एका दिवसात लाल, मिटलेला आणि गळका होतो. मी चिमट्याने अशी कुसळं काढलेली आहेत. एक तर जवळजवळ माझ्या नखाएवढं होतं आणि बाहेरून काहीच दिसत नव्हतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, सशाच्या डोळ्यातलं दिसत नाही. तुम्ही डोंगरचं गवत घालत असाल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. ड्रॉप घालायच्या आधी भूल देणारा थेंब टाकून पडद्यामागे बघायला सांगा.

दोन्ही डोळ्यांतून पातळ, पाण्यासारखा स्राव येत असेल तर मी आधी पिंजरा हुंगते. एका कोपऱ्यात लघवी साचून तो डोळे चुरचुरवणारा वास येत असेल तर ससा त्या वासात नाक टेकवून दिवसभर बसतो, आपण दोन मिनिटं उभे राहतो. धुळकट पेंढा, लाकडाचा बारीक भुसा, मच्छर अगरबत्तीचा धूर, देवघरातला धूप, हेही त्यातच. सोबत शिंका आणि पुढच्या पंजांची आतली बाजू चिकट झाली असेल, तर नाकातलं इन्फेक्शन नळीतून वर चढलेलं असू शकतं. ससा पंजाने नाक पुसतो, म्हणून पुरावा पंजावर सापडतो. पापण्यांवर, नाकावर आणि शेपटीखाली अशा तिन्ही ठिकाणी खपल्या असतील तर तो वेगळाच आजार, त्याला ड्रॉप नव्हे, डॉक्टरांनी द्यायची इंजेक्शनं लागतात. तुमच्या वर्णनात एकच डोळा आणि दाट पांढरा स्राव आहे, म्हणून माझं मन नळी आणि दाताकडे झुकतं.

आता ज्या गोष्टींसाठी थांबायचं नाही, त्याच दिवशी गाडी काढायची, त्या सांगते. डोळा घट्ट मिटलेला आहे आणि उघडू देत नाही. डोळ्याच्या काचेवर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, निळसर धुकं आल्यासारखं दिसतंय. बुबुळाच्या आत पांढरा ठिपका किंवा गोळा दिसतोय. डोळा खोबणीतून पुढे आल्यासारखा वाटतो. याचा अर्थ बहुधा मागे गळू आहे, आणि सशाचा पू आपल्यासारखा वाहत नाही, चक्क्यासारखा घट्ट असतो, आपोआप फुटून निचरा होईल अशी आशा ठेवता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या. सशाचं आतडं थांबलं की दुखण्यापेक्षा ते थांबणंच त्याला लवकर मारतं. डोळा दुखतो म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आतडं थांबतं, असं हे चालतं. डोळा पुसायच्या नादात लेंड्या मोजायच्या राहतात, ते होऊ देऊ नका.

तुम्ही पहिले आणलेले ड्रॉप कोणते होते हे लिहिलेलं नाही. ती बाटली शोधा आणि बारीक अक्षरातला मजकूर वाचा. माणसांच्या डोळ्यांच्या बऱ्याच ड्रॉपमध्ये अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असतं, आणि त्यांच्या नावाच्या शेवटी बहुधा डी, डीएक्स असं शेपूट असतं. घटकांमध्ये डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, डायफ्लुप्रेडनेट, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही दिसलं तर ती बाटली कपाटात ठेवून द्या. स्टेरॉइडने लाली झटकन उतरते, म्हणून मेडिकलवाले प्रेमाने तेच देतात. पण काचेवर जखम असेल तर ती भरायची थांबते, खोल जाते, कधी कधी फुटते. त्यातून ससा हा स्टेरॉइडला फार नाजूक प्राणी आहे, डोळ्यातून अंगात शोषलं गेलेलं औषधही त्याची प्रतिकारशक्ती खाली खेचतं. जखम आहे की नाही हे कळायला एक साधी चाचणी आहे: केशरी रंगाच्या कागदी पट्टीने डोळ्याला रंग लावायचा आणि निळ्या उजेडात बघायचं, जखमेची जागा हिरवी चमकते. दोन मिनिटांचं काम. ही चाचणी झाल्याशिवाय सशाच्या डोळ्यात मी स्टेरॉइड घालत नाही, आणि झाल्यावरही क्वचितच. त्याच रंगाचा दुसरा उपयोग म्हणजे नळी मोकळी असेल तर काही मिनिटांत तो नाकपुडीत दिसतो.

दुसरी बाटली, जी तुमच्या घरात नक्की असेल: मुलीच्या सर्दी-तापाचं उरलेलं अँटिबायोटिक सिरप. ते तोंडाने देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन यांसारखी पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, आणि क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, ही सशाच्या पोटात गेली की आतड्यातले चांगले जंतू मरतात, वाईट वाढतात आणि दोन-चार दिवसांत जुलाब लागून ससा जातो. डोळ्यासाठी आणलेला ससा पोटाने गेलेला मी बघितलाय, औषध दिलेलं होतं घरच्यांनी, चांगल्या भावनेने.

गुलाबजलाबद्दल सासूबाईंना दुखवायचं नसेल तर त्यांना हे सांगा. ससा तासाला दहा-बारा वेळाच पापणी लववतो आणि त्याला अश्रूही कमी. डोळ्यात गेलेली वस्तू आपल्यासारखी धुवून निघत नाही, बसून राहते. १९४४ साली अमेरिकेत ड्रेझ नावाच्या शास्त्रज्ञाने सौंदर्यप्रसाधनं किती झोंबतात हे मोजायची जी पद्धत काढली, ती सशाच्या डोळ्यावर, आणि सशाचा डोळा तिच्यासाठी सोयीचा पडायचं हेही एक कारण. आपल्या देशात प्रसाधनांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांवर २०१४ मध्ये बंदी आली. गुलाबजल, मध, एरंडेल, तुरटीचं पाणी, बोरिक पावडर, काजळ, दूध, यातलं काहीही घातलं तरी ती घरच्या घरी केलेली तसलीच चाचणी होते. बाजारातल्या गुलाबजलात सुगंध आणि टिकवायचं रसायन काय आहे हे बाटलीवर बरेचदा नीट लिहिलेलंही नसतं.

मग घरी काय करायचं? पुसायचं, पण नीट. मेडिकलमध्ये सलाईनची शंभर मिलीची बाटली मिळते, साधं नॉर्मल सलाईन म्हणून मागा. ते नसेल तर उकळून गार केलेलं पाणी, त्यात मीठ अंदाजाने घालू नका. कापूस नको, त्याचे तंतू डोळ्यात राहतात. गॉजचे तुकडे घ्या, एका पुसण्याला एक. चिकूला जाड पंच्यात गुंडाळा, पुढचे पाय आत, मागचा भाग आपल्या पोटाशी टेकलेला. कानाला धरून उचलायचं नाही, आणि मागचे पाय लोंबकळू द्यायचे नाहीत. सशाची हाडं हलकी आणि मागच्या पायाचे स्नायू ताकदवान, भीतीने एक लाथ झाडली तरी स्वतःचाच कणा मोडतो. हे होतं, खरंच होतं.

वाळलेली खपली ओढू नका. सलाईनमध्ये भिजवलेला कोमट गॉज तिच्यावर दोन मिनिटं नुसता धरून ठेवा, ती मऊ होऊन गॉजबरोबर सुटते. आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसत या. मग कोरड्या गॉजने गालावरचे केस टिपा, रगडू नका. कारण गाल ओला राहिला की तिथली कातडी सोलवटते, केस जातात, आणि पावसाळ्यात तर ओल्या घाणीवर माशी बसून अळ्या पडायला वेळ लागत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. घरात दुसरा ससा असेल तर तो अनेकदा चाटून हा डोळा स्वच्छ ठेवतो, बघायला गोड असतं. पण त्यामुळे स्राव किती येतोय याचा अंदाज तुम्हाला येत नाही.

डॉक्टरांनी ड्रॉप दिले तर खालची पापणी किंचित खाली ओढून तिथे झालेल्या खोबणीत एक थेंब टाका, एकच. दुसरा थेंब गालावरच ओघळतो. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये पाच मिनिटं थांबा, मलम असेल तर ते शेवटी. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. उघडलेली बाटली महिन्याभरात टाकून द्या. आणि बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी थांबू नका. सांगितलेले दिवस पूर्ण करा, नाहीतर पुढच्या वेळी तोच ड्रॉप चालत नाही.

आता खरं काम, नळी धुणं. तुमच्या भागात शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे दाखवता येईल. मुंबईच्या बाजूला असणाऱ्यांनी परळचं, विदर्भातल्यांनी नागपूरचं. तुमचे नेहमीचे डॉक्टर गाई-म्हशींचे असतील तर त्यात त्यांची चूक नाही, सशाच्या नळीत घालायची बारीक नळी आणि दाढा घासायची मशीन प्रत्येकाकडे नसते. त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन जा, संबंध बिघडत नाहीत.

धुताना असं होतं. डोळ्यात भूल देणारा थेंब टाकतात, खालची पापणी वळवून ते छिद्र शोधतात. ते गोल नसतं, एक बारीक चीर असते. सुई काढलेला सलाईनचा प्लास्टिकचा बारीक कॅथेटर त्यात सरकवतात आणि सिरिंजने हळू सलाईन सोडतात. तुंबलेली असेल तर दट्ट्या पुढे जातच नाही, जोर केला की नळी फाटायची भीती, म्हणून थोडं ढकलायचं, थांबायचं, परत थोडं. आणि मग एकदम दट्ट्या सैल होतो, नाकपुडीतून आधी पांढरी गाठाळ धार येते, मागून ताकासारखं, मग स्वच्छ. बहुतेक ससे याच क्षणी शिंकतात, माझ्या ॲप्रनची बाही दर वेळी त्याला बळी पडते. बाहेर आलेलं ते पांढरं थोडं काढून कल्चरला, म्हणजे त्यात कोणते जंतू आहेत या तपासणीला, पाठवता आलं तर उत्तम, दोन ड्रॉप आधीच होऊन गेलेत म्हटल्यावर तिसरा अंदाजाने का घालायचा? एकदा धुऊन सहसा भागत नाही, काही दिवसांनी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोलावतात.

त्याच भेटीत डोक्याचा एक्स-रे मागा. सीटी स्कॅन जास्त स्पष्ट सांगतो, पण तो सगळीकडे नसतो आणि खर्चाचा आहे. चांगल्या एक्स-रेवरही बरंच कळतं. दाढांना टोकं आली असतील तर भूल देऊन मशीनने घासतात. कुणी जागेपणी पक्कडीने दात कापू म्हणालं तर नको म्हणा, दात उभा चिरतो. वेदनेवर मेलॉक्सिकॅम वजनाप्रमाणे देतात आणि ते दिलं की किती ससे त्याच संध्याकाळी गवताला तोंड लावतात हे बघण्यासारखं असतं. भूल द्यायची असेल आणि कुणी आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा म्हणालं, तर पुन्हा विचारून खात्री करा. ससा उलटी करू शकत नाही, त्याला कुत्र्या-मांजरासारखं उपाशी ठेवत नाहीत.

गवताचं मात्र तुमच्या हातात आहे. पोळी, बिस्किट बंद. पोळी उद्यापासून, त्यात हळूहळू वगैरे काही नाही. गाजर आठवड्यातून दोनदा, बोटाच्या पेराएवढं. बाकीचा बदल दोन-तीन आठवड्यांत करा. ताटातला मोठा वाटा गवताचा: हरळी, हत्ती गवत, मक्याचा पाला, स्वच्छ वाळलेलं गवत. कोवळ्या ज्वारीचा पाला नको, त्यात सायनाइडचा धोका असतो, गुरं पाळणाऱ्या कुणालाही विचारा. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार, लघवी पांढरी दाट व्हायला लागते. वाळलेलं गवत अंगणात झटकून, कुसळं बघून मगच आत. सोबत मूठभर कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला. आधी दात दुखायचे थांबवा, मग गवत वाढवा. दुखऱ्या दाढेने कुणी गवत दळत नाही, आणि उपाशी ठेवून सवय लावायचा प्रयोग सशावर करायचा नसतो.

मुलीचं विचारलंत. आपल्याकडे पावसाळ्यात जे डोळे येतात ते बहुतेक माणसातल्या विषाणूने येतात, सशाकडून नाही. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्याकडे साथ होती तेव्हा मला उलटे फोन यायचे, आमच्यामुळे सशाला होईल का म्हणून. नाही. सशाच्या नाका-डोळ्यातले काही जंतू माणसाच्या जखमेतून क्वचित त्रास देऊ शकतात, म्हणून डोळा पुसायचं काम मोठ्यांनी करायचं, नंतर साबणाने हात धुवायचे, गॉज बांधून कचऱ्यात टाकायचे. मुलीने चिकूला पाठीवरून कुरवाळायला काहीच हरकत नाही. त्याच्या तोंडाला तोंड लावू नये एवढंच.

बरा होईल का? फक्त नळी तुंबली असेल, मूळ अजून फार मागे गेलं नसेल, तर धुणं, गवत आणि थोडी चिकाटी यावर पुष्कळ ससे सुटतात. मुळं हाडात बरीच घुसली असतील तर हे बीपीसारखं होतं, आटोक्यात ठेवायचं, मुळापासून जात नाही. माझा तो करडा ससा पुढे दर महिना-दीड महिन्याला नळी धुवायला येत राहिला, मधल्या काळात डोळा कोरडा, खाणं उत्तम, स्वभाव खाष्ट. अगदी क्वचित गळू किंवा फुटलेल्या काचेपायी डोळा काढावा लागतो. एका डोळ्याने ससा छान जगतो, फक्त त्या बाजूने अचानक हात घालायचा नाही, दचकतो.

चिकूला नेताना टोपलीत त्याचंच गवत टाका, तळाला गोणपाट, म्हणजे पाय घसरत नाहीत. उन्हाचं नेऊ नका, ससे उकाड्याने लवकर ढेपाळतात. पहाटेची एसटी किंवा ओळखीची गाडी. आदल्या दिवशीच्या लेंड्या एका पुडीत बांधून घ्या. ड्रॉपच्या दोन्ही बाटल्या, रिकाम्या झाल्या असल्या तरी, लेबलासकट बरोबर घ्या. आणि सकाळी निघताना डोळा पुसू नका, जे साचलंय ते डॉक्टरांना तसंच बघू दे.